पानावरचं हळदीकुंकू

भुईमुगाचं पान उलटं करून पाहावं लागतं. वरून पाहणाऱ्याला अर्धंच कळतं, आणि मला ज्या गावात दिलं होतं तिथं सगळे वरूनच पाहणारे होते. हे मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते. तोंड फटकळ आहे माझं. सासरी जाऊन सुधारेल असं आईला वाटलं होतं, ते काही झालं नाही.

माहेरी भुईमूग जुना. वडिलांच्या डोळ्यांदेखत आख्खं पीक हातचं गेलं, तेव्हा ते शिकले. शेती खात्याचा एक माणूस येऊन त्यांना दाखवून गेला आणि वडिलांनी आम्हा सगळ्या पोरींना बांधावर बसवून दाखवलं. पानावर ठिपका दिसला की आधी अंगठ्याला थुंकी लावून घासायचं. पावसाच्या थेंबांनी उडालेली माती असेल तर निघते, रोग निघत नाही. मग ठिपक्याभोवती पिवळं कडं आहे का ते बघायचं. मग पान उलटं करायचं. पहिला ठिपका येतो तो तपकिरी, मोठा, वाकडातिकडा, पिवळ्या कड्याचा. दुसरा मागाहून येतो. तो लहान आणि गोल, कोळशासारखा काळा, आणि पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. दोन्हींना टिक्काच म्हणायचं. दोन्ही जमिनीला टेकलेल्या जुन्या पानांवर आधी दिसतात आणि हळूहळू वर चढतात. पान गळतं, नुसत्या काड्या राहतात, शेंग भरायची थांबते. उपटायला जावं तर शेंगा धरून जमिनीत उतरलेल्या आऱ्या, त्यांचे देठ, कुजलेले असतात, त्या तुटतात आणि शेंगा मातीतच राहून जातात. झाड हातात आणि पीक जमिनीत, असा तो प्रकार.

लग्न होऊन मी आसेगावच्या बाजूच्या एका लहानशा गावात आले. तेव्हा तो सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडायचा. गाव पराटीचं, म्हणजे कपाशीचं, आणि ज्वारीचं. भुईमूग तिथं नुकताच आला होता. कुणीतरी कारंज्याच्या बाजारातून बी आणलं, त्याचं बघून दुसऱ्यानं आणलं, आणि नाल्याकाठच्या हलक्या जमिनी, जिथं पराटी नीट येत नव्हती, तिथं लोक शेंगा पेरायला लागले. आमच्याही घरानं पेरल्या. पेरायचं सगळ्यांना कळलं होतं. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरात सासूसासरे नव्हते. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझी थोरली जाऊ, त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. माझा नवरा कारंज्याला एका अडतीच्या दुकानात माप घ्यायला होता. आठवड्यातून एकदा मोटारीनं यायचा, मोटार सोडेल तिथून चालत. म्हणजे घरात बोलायला मला एक जाऊच. भासऱ्यांशी बोलायचं नसे. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आवाजही काढायचा नाही, अशी रीत होती. मला ती भारी जाचायची. मग मी वाट काढली. भासरे गोठ्यात असले की मी जे सांगायचं ते म्हशीला सांगायची. आज वैरण कमी पडली बरं का, विहिरीचा दोर झिजलाय बरं का. म्हैस रवंथ करायची आणि दुसऱ्या दिवशी नवा दोर आलेला असायचा. जाऊ हे बघून पोट धरून हसायची. हसरीच होती ती. बुटकी, चपळ, कामाला वाघीण.

तिची आधीची मुलं राहिली नव्हती. कुणी जन्मताच गेलं, कुणी रांगायला लागल्यावर. ही एकच जगली. त्यामुळे जाऊचा जीव पोरीतच असायचा. पोरगी शिंकली तरी हिच्या हातातली भाकर खाली पडायची. मी चेष्टा करायची आणि तीही मनावर घ्यायची नाही. पण मला माहीत होतं की ही पोर गेली तर ही बाई उरणार नाही. सगळ्या गावालाच माहीत होतं. पोरगीही गोड होती. माझ्याबरोबर निंदायला यायची, पिकाच्या दोन तासांमधल्या, म्हणजे ओळींमधल्या, जागेत बसून कोवळ्या शेंगा खायची आणि टरफलं माझ्या ओच्यात टाकायची.

त्या वर्षी श्रावणात पोरीला देवी आल्या. देवी एरवी उन्हाळ्यात यायच्या. भर पावसाळ्यात आल्या म्हणून म्हाताऱ्या बायका जास्तच धास्तावल्या. आमच्याकडे तिला मातामाय म्हणायचे. रोग नव्हे, पाहुणी. ती घरात असेपर्यंत तिचं मन राखायचं. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, तळण बंद, उग्र वासाचं काही चुलीवर चढवायचं नाही. खेटरं दाराबाहेर. पोरीला नावानं हाक मारायची नाही, माय म्हणायचं. गार दहीभात, गार पाणी, लिंबाच्या पाल्यानं वारा. बाहेरून राबून आलेल्यानं आत जायचं नाही. जाऊ पोरीजवळून हलेना, म्हणून वावर माझ्याकडे आलं आणि झोपायला गोठ्याची पडवी. दारात उभं राहून पोरीकडे बघायची, तेवढंच. तिच्या तोंडावर तीळ ठेवायला जागा नव्हती. मला बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

पण पोरगी तरली. फोड भरले, मग सुकायला लागले. एक दिवस तिनं भाकर मागितली. जाऊ दारात येऊन मला हे सांगताना रडत होती आणि हसत होती. मी वावराच्या वाटेवर एकटीच मोठ्यानं बोलत गेले, इतका आनंद झाला होता.

त्याच दिवशी मला ठिपके दिसले.

निंदता निंदता खालची पानं बाजूला केली आणि हात थांबला. अंगठा ओला करून घासलं, निघेना. उलटं केलं, उजेडात धरलं. पिवळं कडं स्वच्छ दिसत होतं. पुढच्या तासात पाहिलं, तिथंही. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेजाऱ्याच्या वावरात तर मधल्या पानांपर्यंत चढलं होतं. मला रागच आला, एवढ्या मेहनतीनं निंदलेलं पीक असं काड्या होणार म्हणून. शेजारी धुऱ्यावरच होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, पीक पिकून राह्यलं. पान डागलं, गळालं की शेंग तयार, थोडे दिवस अजून, मग उपटायचं. सगळं गाव तेच समजून बसलं होतं. ज्वारीचं पान वाळतं, तुरीचं गळतं, तसंच हेही, असा त्यांचा हिशेब. त्यांना हसायचं कशाला, भुईमुगाचं म्हातारपण त्यांनी अजून धड पाहिलंच नव्हतं.

मी चारदोन पानं पदरात बांधून घरी आणली. भासऱ्यांना कसं दाखवायचं याचा विचार करत दारात उभी राहिले तर जाऊच पुढे आली. पदरात काय आहे म्हणाली. मी पान तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते बराच वेळ पाहिलं. मधे तांबूस ठिपका, भोवती पिवळी कड. मला त्यात टिक्का दिसत होता. तिला दुसरंच दिसलं. तिचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

"हळदीकुकू हाय हे," ती म्हणाली. "पानापानाले लावलं तिनं. माय निंघाली पोरीवरून, वावरात गेली."

आता विचार केला तर त्यात तिचं काय चुकलं होतं. पोरीच्या अंगावरचे फोड सुकले आणि त्याच दिवशी वावराच्या अंगावर ठिपके उठले. कुणीही जोडलं असतं. पण मी तेव्हा विचार करणारी नव्हते. मी तिला तिथंच सांगितलं की हा टिक्का आहे, माहेरी आमच्याकडे दर साल येतो, देवीचा आणि याचा काही संबंध नाही, आणि गंधकाची भुकटी टाकली तर आवरतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुह्या माहेरीबी माताच जात असन वावरात," ती म्हणाली, "तुमाले कळलं नसन."

मला तिच्या हट्टाचा संताप आला आणि त्या उत्तराचं हसूही आलं. तिनं लगोलग धुऱ्यावर नारळ आणि दहीभात पाठवला, आणि बजावलं की पोरीची शेवटची खपली पडेपर्यंत वावरात कुणी औषध, धूर, वासाचं काही न्यायचं नाही. ती तिथं बसली आहे, सुखानं बसू द्या. वावराचं काय व्हायचं ते होवो. पोरगी मिळाली आहे, पीक गेलं तर गेलं.

तेव्हा मीही गप्प बसायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. वाळत चाललेल्या पोरीला कुणी पाणी देऊ नका म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते का? पीक काही पोर नव्हे, कबूल. पण वर्षाचं पोट तेच होतं, आणि मला रोग डोळ्यांनी दिसत होता.

संध्याकाळी भासरे गोठ्यात आले तेव्हा मी म्हशीला सगळं सांगितलं. पान पिकलेलं नाही, पान आजारी आहे. पोळ्यापर्यंत झाडं उघडी पडतील. शेंगा दाण्याविना राहतील. भासरे धार काढत होते. मुळातच अबोल माणूस, घरात असूनही नसल्यासारखे. त्यांनी मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी गव्हाणीच्या दगडावर पानं मांडलेली सापडली, काही सुलटी, काही उलटी. ते वावरात जाऊन आले होते आणि मला विचारत होते.

मी मातीनं डागलेली पानं एका बाजूला केली, रोगाची दुसऱ्या. त्यावर थुंकी लावून घासलेलं एक पान ठेवलं, म्हणजे कसं ओळखायचं ते कळावं. दुसऱ्या सकाळी नवी पानं. या वेळी त्यांनीच दोन भाग केले होते, एकच पान चुकलं होतं. मी ते उचलून योग्य जागी ठेवलं. असं काही दिवस चाललं. एक शब्द न बोलता त्या माणसानं माझ्याकडून ते सगळं शिकून घेतलं. पुढे काळे ठिपके यायला लागले, तेही त्यांनी वेगळे काढले, पाठ वर करून. मला त्यांचा फार आदर वाटला. गावात एक तरी माणूस पान उलटं करून पाहतो, असं वाटलं.

नवरा कारंज्याहून गंधकाची पिशवी घेऊन आला. ती गोठ्यात माळ्यावर राहिली. भासरे तिच्याकडे बघायचे आणि निघून जायचे. बायकोचा शब्द मोडायचा त्यांना धीर होईना. मधे पोरगी उठून बसायला लागली. खपल्या पडायला लागल्या. ती दारापर्यंत आली आणि मला बघून हसली, तेव्हा चेहऱ्यावर खड्डे होते पण डोळे शाबूत होते. त्या दिवशी भासऱ्यांनी पिशवी खाली काढली. आता पोर बरी झाली, आता काय हरकत, असं त्यांच्या मनात आलं असणार. माझ्याही मनात तेच होतं.

भुकटी पहाटे टाकायची असते, पानावर दव असताना, वारा पडलेला असताना, म्हणजे ती चिकटते. जुन्या धोतराच्या पोटल्या केल्या. भासरे एका टोकाला, मी दुसऱ्या. पोटली झटकत तासातासानं गेलो. उजाडलं तेव्हा वावर पिवळं दिसत होतं आणि मला समाधान वाटत होतं. त्यांनी विहिरीवर अंघोळ केली, धोतर धुतलं, मग घरात गेले, पोरीला बघायला. पण गंधकाचा वास पाण्यानं जात नाही. केसांत राहतो, नखांत राहतो. त्यांनी पोरीला उचललं आणि जाऊनं वास घेतला. तिनं पोरीला त्यांच्या हातातून काढून घेतलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पोरीला पुन्हा ताप भरला.

तो छातीचा ताप होता. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. देवी येऊन गेल्यावर अंगात त्राण नसतं, तेव्हा असं होतं, असं पुढे बऱ्याच वर्षांनी मला एका डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. भुकटी टाकली नसती तरी तो ताप आला असता. हे मला तेव्हाही कळत होतं, डॉक्टरीणबाई नसतानाही. पण कळून करायचं काय? मंगरूळच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर मातामाय पुन्हा अंगात आलेली असताना पोरीला उंबऱ्याबाहेर काढायला कुणी तयार होईना, आणि जाऊ तर नाहीच नाही. ती लिंबाचा पाला फिरवत राहिली, क्षमा मागत राहिली. नालाही पाण्यानं फुगला होता. पोळ्याच्या आधी पोरगी गेली.

बैलांना त्या वर्षी कुणी रंग लावला नाही. जाऊ ओरडली नाही, छाती पिटली नाही, गावच्या बायका त्यासाठीच जमल्या होत्या तरी. सगळे गेल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुमी तिले वावरातून हाकललं. थे माघारी आली."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. माझ्याशी कामापुरतं. तिचं हसणं गेलं ते गेलंच. एका चुलीवर रांधणारी आम्ही माणसं, आणि घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मला वाटायचं, हिनं मला शिव्या घालाव्यात, झिंज्या उपटाव्यात, मग मी तरी काही बोलेन. तिनं मला दोषही दिला नाही. तिच्या लेखी मी बाहेरून आलेली, अजाण होते. ज्यानं करायला नको होतं तो बाप होता.

आणि पीक आलं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. पाऊस नेमका उघडला, भुकटी पानावर टिकली, खालची पानं गेली पण वरची राहिली. गावानं पिकलं म्हणून उपटलं तेव्हा त्यांच्या शेंगा पिचक्या निघाल्या, अर्ध्या मातीत राहिल्या. आमची झाडं शेंगांनी लगडलेली. अंगणात ढीग पडला. लोक येऊन बघून जायचे आणि खालच्या आवाजात बोलायचे. काय बोलायचे ते मला ऐकू येत होतं. पोर देऊन पीक घेतलं, असं. आमच्या घरात कुणी त्यातली एक शेंग तोंडात टाकली नाही. बियाण्यापुरत्या ठेवून भासरे बाकीच्या गाडीत घालून कारंज्याला घेऊन गेले.

पुढच्या साली पुन्हा शेंगा पेरल्या. बी घरात होतं आणि त्या जमिनीत दुसरं काही येत नव्हतं. या वेळी जाऊ वावरात यायला लागली. घरात बसून काय करणार होती? माझ्या शेजारच्या तासात निंदायची, वाकून, मुकाट्यानं. श्रावण आला. एके दुपारी मी गोठ्यात शेण काढत होते, भासरे माळ्यावरून गंधकाची पिशवी काढत होते, आणि ती आत आली. हातात पान होतं. तिनं ते माझ्यापुढे धरलं आणि मला दाखव म्हणाली, तू काय बघते ते मला दाखव.

वर्षभर मी याचीच वाट पाहत होते, हे खरं सांगते. मला वाटलं, हिला एकदा कळलं की सुटेल ही. नवऱ्यावरचा राग सुटेल, देवीची धास्ती सुटेल. मी हात धुतले आणि तिला बसवून सगळं दाखवलं. थुंकी लावून घासायला लावलं. कडं दाखवलं. पान उलटं करून तिचं बोट त्यावरून फिरवलं. ती लक्ष देऊन शिकली. बाहेर जाऊन आणखी पानं घेऊन आली आणि तिनं स्वतः ती वेगळी केली, मातीची, तपकिरी, काळी. एकही चुकलं नाही. मग ती त्या पानांकडे पाहत बसली.

"मागल्या सालीबी हेच व्हतं?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. माता नव्हती का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, नाही बाई, माता नव्हती, रोग होता, आणि पोरीच्या जाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कुणाचीच चूक नव्हती. मला वाटलं होतं की हे ऐकून ती रडेल आणि मोकळी होईल.

ती रडली नाही. ती म्हणाली, "मंग माही पोरगी उगीच गेली?"

वर्षभर तिला निदान कारण होतं. कुणी अपराध केला, कुणी कोपलं, म्हणून पोर गेली. त्या कारणाला धरून ती उठत होती, भाकरी थापत होती, निंदत होती. मी ते काढून घेतलं होतं आणि तिच्या हातात चार पानं ठेवली होती. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. ती आता विहिरीकडे जाईल, असं मला वाटलं.

भासरे पिशवी हातात धरून मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या गावात टिक्का ओळखणारं माझ्याखेरीज दुसरं कुणी असेल तर ते होते. पिशवी त्यांनी खाली ठेवली. मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, माझा पदर खांद्यावर होता तरी पाहिलं, आणि हातानंच मला गप्प राहायला सांगितलं. ते बायकोजवळ येऊन खाली बसले.

"रोग नाई हाय हा," ते म्हणाले. "माताच व्हती. म्या तिले हाकललं."

जाऊ त्यांच्याकडे बघत राहिली. वर्षानं तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. मग तिनं त्यांचा हात धरला आणि रडायला लागली, आतून, मोठ्यानं, पोर गेली त्या दिवशी रडायला हवं होतं तशी. थेच तं म्हणत होती मी, थेच तं म्हणत होती, असं म्हणत रडली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मी शेणाची पाटी उचलली आणि बाहेर गेले.

गंधक त्यांनी नाल्यात ओतलं. वावर पोळ्याला उघडं पडलं, काड्या राहिल्या. उपटायला गेलो तेव्हा शेंगा जमिनीतच राहिल्या आणि कुणी खणून काढल्या नाहीत. त्यापुढे घरात पुन्हा शेंगा पेरल्या नाहीत.

जाऊ त्यांच्याशी बोलायला लागली. जगलीही पुष्कळ. म्हातारपणी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगायची, शिरपूरला जाणाऱ्या वाटसरूंना, पाणी प्यायला थांबलेल्या बायकांना. माता पोरीवरून निघून वावरात कशी गेली, पानापानाला हळदीकुकू कसं लागलं, आणि बापानं वासाची भुकटी टाकून तिला माघारी कसं धाडलं. ऐकणारे बापाकडे बघायचे. मी चुलीपुढे बसलेली असायची आणि एक शब्द बोलायची नाही.

भासरे तिथंच ओसरीवर बसलेले असायचे. ती मधेच त्यांना विचारायची, खरं ना हो? आणि ते मान हलवून हो म्हणायचे. शेवटी शेवटी ते विचारण्याआधीच हो म्हणायला लागले होते.